स्क्रूभोवतीची जागा

मुंगी चावावी तेवढंच झालं. संगमेशनं बटण दाबलं, मोटार गुरगुरली आणि हात मागं घेताना करंगळी डब्याच्या पत्र्याला टेकली. त्यासरशी काहीतरी बारीक, झिणझिणतं, कोपरापर्यंत गेलं आणि विरलं. इमारतीच्या जिन्याखाली पाण्याच्या मोटारीचा डबा भिंतीला ठोकलेला होता. टाकी भरायची पाळी घराघरातून फिरायची आणि या आठवड्यात ती संगमेशकडे होती. फरशी कुणीतरी नुकतीच धुतली होती. नुसतं बटण तर दाबायचंय, म्हणून तो अनवाणीच खाली उतरला होता. तो तसाच ओल्या फरशीवर उभा राहिला. आधी त्याला स्वतःच्या मानेचा संशय आला. दिवसभर संगणकासमोर वाकून बसणाऱ्यांच्या हाताला मुंग्या येतात, असं डॉक्टरांनी त्याला मागेच सांगून ठेवलं होतं. माणूस दोष आधी आपल्याच अंगात शोधतो, कारण तिथं शोधायला पेचकस लागत नाही. पण मानेमुळं येणाऱ्या मुंग्या डब्याला हात लागेपर्यंत वाट बघत थांबत नाहीत, हेही त्याला कळत होतं. त्यानं हात उलटा केला आणि बोटांची मागची बाजू हलकेच पत्र्याला लावली. ही टीव्ही दुरुस्त करणाऱ्या युसूफभाईंची शिकवण. तळहाताला करंट लागला तर मूठ मिटते आणि सुटत नाही, हाताच्या पाठीला लागला तर हात आपोआप झटकला जातो. हात झटकला गेला. डब्यावर निळ्या अक्षरांत त्याच्या मित्राच्या, शहेबाजच्या कंपनीचं नाव होतं आणि डब्यातल्या सर्किट बोर्डाचा नकाशा खुद्द संगमेशनं काढलेला होता.

बीडमध्ये राहून सर्किट बोर्ड काढतो म्हटलं की लोक त्याच्याकडे कौतुकानं बघत आणि लगेच घरातला बिघडलेला मिक्सर पुढं करत. त्याचं काम मिक्सरचं नव्हतं. शहराबाहेरच्या एका गोदामात शहेबाज मोटारीचे स्टार्टर बनवत असे, फोन करूनही चालू होणारे आणि बटणानंही. त्या स्टार्टरच्या पोटात जी हिरवी पाटी असते तिचा नकाशा संगमेश पडद्यावर काढायचा, पाटी बाहेरून छापून यायची आणि गोदामातल्या बाया तिच्यावर एकेक सुटा भाग डाग देऊन बसवायच्या. डबे गेवराईला जात, कड्याला जात, विहिरींवर, बोअरवर, घरांच्या मागच्या अंगणात जात. ते कुठकुठं गेले याचा विचार संगमेशनं आजवर अभिमानानंच केला होता. आता जिन्याखाली उभं राहून तोच विचार पुन्हा मनात आला आणि अभिमानाचा कुठं मागमूस नव्हता. त्यानं मेन स्विच पाडला, घरी जाऊन चप्पल, पेचकस आणि टेस्टर घेऊन आला. शिवांजलीनं, त्याच्या बायकोनं, काय झालं म्हणून विचारलं, तर तो काही नाही म्हणाला. ती त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली.

झाकण काढल्यावर फार शोधावं लागलं नाही. बोर्ड चार कोपऱ्यांत चार स्क्रूंनी डब्याला आवळलेलं होतं. त्यातल्या वरच्या डाव्या स्क्रूच्या डोक्याखाली हिरवा रंग घासून पातळ झाला होता आणि खालचं तांबं चकाकत होतं. आत येणाऱ्या फेजची, म्हणजे जिवंत विजेची, तांब्याची पट्टी त्या स्क्रूच्या डोक्याला चाटून गेली होती. रंगाचा पापुद्रा होता तोवर दोघांमध्ये पडदा होता. मोटारीच्या थरथरीनं पडदा झिजला आणि घरची वीज स्क्रूतून डब्यात उतरायला लागली. अर्थिंगची वायर असती तर लगेच ठिणगी पडून फ्यूज उडाला असता, पण ती वायर आपल्याकडे जोडतो कोण. आज पापुद्र्यातून वीज नुसती झिरपत होती, म्हणून मुंगी चावली. उद्या तो पुरता निघून गेला की मुंगी राहणार नव्हती. 

मेन स्विच पाडलेलाच ठेवून त्यानं तिथंच उभं राहून आईला फोन लावला. पाटोद्याच्या बाजारपेठेत त्यांचं किराणा दुकान होतं, वडील गेल्यापासून गंगासागरबाई एकट्या ते सांभाळत, आणि दुकानाच्या मागच्या अंगणात बोअरच्या भिंतीवर हाच डबा होता, अगदी सुरुवातीच्या डब्यांपैकी. मोटारीच्या डब्याला हात लावू नको, मी येईपर्यंत मोटार चालूच करू नको, असं त्यानं सांगितलं. पलीकडे कुणी गिऱ्हाईक साबुदाणा मागत होतं. "मी कुठं हात लावते त्याला," आई म्हणाली, आणि फोन ठेवला. त्याला बरं वाटलं. घाबरलेल्या माणसाला जे हवं असतं तेच ऐकू येतं, त्याला तेवढं ऐकू आलं.

मग तो संगणकासमोर बसला. या कामात सगळ्यात सुखाची गोष्ट कुठली, तर एकदा काढलेली गोष्ट पुन्हा काढावी लागत नाही. प्रत्येक सुट्या भागाचे पाय पाटीवर कुठं टेकणार, त्यांना तांब्याची जागा केवढी लागणार, भोक केवढं, हे एकदाच मोजून आखायचं, त्याला फूटप्रिंट म्हणतात. ती आखणी लायब्ररीत ठेवायची आणि पुढच्या प्रत्येक बोर्डावर उचलून आणायची. संगमेशला हे सुख फार आवडायचं. त्याच्या लहानपणीच्या घरात असं काहीच नव्हतं. तिथं प्रत्येक वस्तूत खोट होती आणि प्रत्येक खोटीची एक युक्ती होती. दुकानाचं शटर गुडघ्यानं विशिष्ट ठिकाणी ढकलल्याशिवाय वर जात नसे. तराजूचं एक पारडं जड, म्हणून दुसऱ्याखाली चिंचोक्याएवढं मेण लावलेलं. स्टोला आधी थोपटावं लागे. आई या सगळ्यांची युक्ती हातांनीच जाणत असे, कुणाला सांगत नसे आणि कशाबद्दल कुरकुरतही नसे. संगमेशला त्या युक्त्यांची लाज वाटायची. डिप्लोमाला असताना त्यानं पहिल्यांदा हे सॉफ्टवेअर पाहिलं, तेव्हा दोन तारा जरा जवळ गेल्या की पडद्यावर लाल खूण उमटलेली पाहून त्याला भरून आलं होतं. चूक आहे हे इथं कुणीतरी स्पष्ट सांगत होतं. अशा जगात आपण राहायला जावं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं आणि तो गेलाही.

लायब्ररीत अगदी वरच्या बाजूला, जुन्या नावानं, ते होतं. युसूफ भोक. पाटी डब्याला आवळायच्या स्क्रूचं भोक, बाकी काही नाही. त्याला पाय नाहीत, वीज नाही, त्याच्याकडे कोण बघतो. शहेबाजचे वडील युसूफभाई यांचं बशीरगंजात टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि ते फावल्या वेळात व्होल्टेजचे स्टॅबिलायझर बनवत. तांब्याच्या पत्र्यावर पक्क्या शाईच्या पेननं रेघा मारायच्या, पत्रा तेजाबात बुडवायचा, शाईबाहेरचं तांबं विरघळलं की उरलेल्या रेघांचं बोर्ड. शहेबाजनं कंपनी काढायची ठरवली तेव्हा वडिलांचं ते बोर्ड संगणकावर चढवायचं काम संगमेशकडे आलं. ती दुपार त्याला आता लख्ख आठवायला लागली, आठवावीशी वाटत नसतानाही. टेबलावर वर्तमानपत्र, स्टॅबिलायझर उघडलेला, तेजाबाचा नाकाला झोंबणारा वास. बोर्ड मोजायचं म्हणजे आधी ते डब्यातून काढायला हवं. त्यानं स्क्रू काढले. प्रत्येक स्क्रूखाली एक तांबूस फायबरचा वायसर होता, पुठ्ठ्यासारखा, मधे भोक असलेला. त्यानं स्क्रू आणि वायसर एका वाटीत टाकले, वाटी बाजूला सारली आणि भोक मोजलं. भोक अगदी बिनचूक मोजलं. वाटीत काय आहे ते मोजायचं असतं, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. मापात जे आलं ते लायब्ररीत गेलं, वाटीतलं वाटीतच राहिलं.

आणि तिथून पुढं ते भोक त्यानं प्रत्येक बोर्डावर उचलून आणलं. प्रत्येक वेळी तपासणीचं बटण दाबलं आणि प्रत्येक वेळी एकही चूक नाही असं उत्तर आलं. सॉफ्टवेअर खोटं बोलत नव्हतं. भोकात स्क्रू येणार, स्क्रूला डोकं असणार, ते डोकं भोकाच्या बाहेर चारी बाजूंना पसरणार, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. भोकाभोवती एक गोल आखून इथं तांबं नको एवढं लिहायचं होतं. संगमेशनं आता तो गोल आखला. फूटप्रिंट जतन केलं, सगळ्या नकाशांत बदल लागू करायचं बटण दाबलं, आणि एकामागून एक सगळ्या बोर्डांवर लाल खुणा उगवल्या. इतकी वर्षं हिरवं, शांत दिसलेलं त्याचं सगळं काम गोवर आल्यासारखं दिसायला लागलं. जेवणाची वेळ होईपर्यंत त्यानं सगळ्या पट्ट्या सरकवल्या आणि लाल खुणा गेल्या. पडद्यावर सगळं दुरुस्त झालं. हेच त्याला सहन होईना. इथं एका बटणानं सगळ्या नकला सुधारल्या, पण गेवराईच्या कुठल्या विहिरीवर, कड्याच्या कुठल्या परसात जो डबा टांगलेला आहे त्याच्यापर्यंत हे बटण पोचत नाही. तिथं कुणीतरी ओल्या पायानं उभं राहणार आणि बोट पुढं करणार. शिवांजलीनं ताट झाकून ठेवलं. अन्न उतरत नसेल तर आधी ज्याच्यामुळं उतरत नाही ते करून ये, एवढंच ती म्हणाली.

गोदामाच्या दारात युसूफभाई खुर्ची टाकून बसलेले होते. आता त्यांना काम नव्हतं, पण घरात करमायचं नाही. संगमेशनं त्यांना वायसरचं विचारलं. विचारताना त्याला मनातून वाटत होतं की म्हातारा काहीतरी सांगेल, ज्यानं निदान हे तरी कळेल की आपण काय हरवलं. युसूफभाईंनी डोळे बारीक केले. "ते व्हय," ते म्हणाले, "भंगारवाल्या हरिबानं डबाभर आणून दिलते. बोर्ड खडखडायचं बे, म्हणून घालायचो. दुसरं काय?" करंटसाठी घातले नव्हते का, असं संगमेशनं पुन्हा विचारलं. करंट तर टीव्हीवाल्याला लागतोच, त्याला वायसर काय करणार, असं म्हणून ते हसले आणि त्यांनी डबा अजून माळ्यावर असेल म्हणून सांगितलं. डबा खरंच होता. संगमेशनं त्यातले मूठभर वायसर खिशात टाकले. म्हणजे वायसरनं स्क्रूचं डोकं तांब्यापासून दूर ठेवलं म्हणून त्या जुन्या डब्यांत जी माणसं वाचली ती कुणाच्या शहाणपणानं वाचली नव्हती, खडखडाटाच्या कंटाळ्यानं वाचली होती. हे कळल्यावर त्याला जास्तच भीती वाटली.

शहेबाज आणि तो एकाच वर्गातले, एकमेकांना शिव्या देऊनच बोलणारे. शहेबाजनं सगळं ऐकून घेतलं, गोदामातलं एक बोर्ड हातात धरून स्क्रूच्या भोकाकडे बघितलं, आणि त्याचा चेहराही उतरला. पण तो कारखानदार होता, त्याला पुढचंही दिसत होतं. मिस्त्री लोकांच्या ग्रुपवर सांगू, जमेल तसे वायसर घालून घेतील, असं त्याचं म्हणणं पडलं. डब्यात करंट उतरतोय असं ज्यांनी डबे घेतले त्यांना थेट कळवलं, तर उद्यापासून कुणी दारात उभं करणार नाही, आणि गोदामातल्या बायांच्या चुली कशानं पेटायच्या. संगमेश म्हणत राहिला की मिस्त्री जमेल तेव्हा जाईल, आणि डब्याला हात आज संध्याकाळीच लागणार आहे. शहेबाजनं शेवटी एकच मुद्दा धरला. "तू उगं घाबरलायस बे. इतक्या वर्षांत एक तरी कंप्लेंट आलीय का? एक बी न्हाई."  कंप्लेंट आली नव्हती हे खरं होतं. कदाचित त्याच्याच इमारतीतला स्क्रू जास्त आवळला गेला असेल, कदाचित तो एकच डबा वाईट निघाला असेल. त्याला तसं वाटून घ्यायची फार इच्छा झाली. खिशातले वायसर चाचपत तो बाहेर पडला आणि आईचा डबा एकदा डोळ्यांनी बघावा म्हणून त्यानं मोटारसायकल पाटोद्याच्या वाटेला लावली.

मांजरसुंब्याला वळल्यावर वारा तोंडावर यायला लागला आणि सगळं पुन्हा डोक्यात फिरायला लागलं. तो डबा त्यानंच आणून बसवला होता. आईनं डब्याला हळदकुंकू लावलं होतं, बेलाचं पान ठेवलं होतं आणि बाजारपेठेतल्या चार दुकानांत जाऊन पोरानं केलंय म्हणून सांगून आली होती. त्याला तेव्हा संकोच वाटला होता, आणि आनंदही. त्यानंतर तो सणावाराला कितीतरी वेळा पाटोद्याला गेला, पण त्या डब्याला त्याचा हात कधी लागला नाही. पाणी संपलं म्हणून तो उठला की आई म्हणायची, तू बस, मी करते. दरवेळी म्हणायची. चहा घेऊन बसलेला असताना मागून मोटारीचा आवाज यायचा आणि आई पदराला हात पुसत परत यायची. यात त्याला कधी काही वेगळं दिसलं नव्हतं. आयांनी मुलांना बसवून ठेवावं आणि मुलांनी बसावं, अशीच त्यांच्या घरची रीत होती, आणि तिचा कंटाळा त्याला अजून आलेला नव्हता.

गंगासागरबाई गल्ल्यावर बसून शेंगदाणे निवडत होत्या. अचानक कसा आलास, जेवलास का, शिवांजलीला का आणलं नाहीस, हे सगळं झालं. तो थेट मागच्या अंगणात गेला. डबा भिंतीवर होता, वरची निळी अक्षरं उन्हानं फिकी पडलेली. आणि डब्याशेजारी खिळ्याला सुतळीनं एक लाटणं टांगलेलं होतं. लाटणं त्यानं ओळखलं. त्याच्या लहानपणीचं, मधे बारीक झालेलं, एक मूठ तुटलेली. न तुटलेल्या टोकाला बरोबर बटणाएवढा गुळगुळीत काळपट डाग पडला होता. सुतळी कधीतरी तुटून तिला पुन्हा गाठ मारलेली होती, आणि ती गाठही जुनी झाली होती. संगमेश ते हातात धरून उभा राहिला. आई मागून आली, त्याच्या हातात लाटणं बघून ती एकदम गोरीमोरी झाली.

"हे कावून इथं?" त्यानं विचारलं.

"मोटारीचं हाय ते," ती म्हणाली. मग तिनं सांगितलं, की डबा बारीक बारीक चिमटे काढतो, लई न्हाई, पाय ओले असले की जरा जास्त. लाटण्यानं दाबलं की काही होत नाही. शेजारच्या कौशल्याबाईंकडंही तोच डबा आहे, त्या रवीच्या दांड्यानं दाबतात. आमी दोघी हसतो कधी कधी, असंही ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पयल्या वर्षापासूनच."

"मग मला सांगितलं कावून न्हाई?"

तिनं लाटणं त्याच्या हातातून काढून घेतलं आणि ते पदरानं पुसायला लागली, पुसण्यासारखं त्याला काही नव्हतं. "तू केलेलं हाय," ती म्हणाली. "चार लोकांत सांगितलंय मी. तुला कसं सांगू, त्यात खोट हाय म्हणून? तुला वाईट वाटलं असतं."

संगमेशला रडू आलं. ते कशाचं होतं हे त्याला धड कळेना. तिला काही झालं नाही याचं होतं, ती मेली असती याचं होतं, आणि आपली वस्तू तिनं शटरच्या, तराजूच्या, स्टोच्या पंगतीत नेऊन बसवली होती, तिलाही एक युक्ती शोधून दिली होती आणि तिच्याबद्दलही ती कुरकुरली नव्हती, याचंही होतं. ज्या घरातून तो निघून गेला होता त्याच घरात त्यानं आणखी एक खोट आणून टांगली होती. आणि अशी लाटणी कुठकुठं टांगलेली असतील. कड्याला, गेवराईला, ज्यांनी ज्यांनी डबे घेतले त्यांच्या भिंतींवर काठ्या असतील, कोरडे फडके असतील, चपला ठेवलेल्या असतील खास मोटारीसाठी. कुणी कंप्लेंट केली नाही, कारण प्रत्येकानं आपापली सोय करून घेतली. आणि ज्याला ती सुचली नाही, किंवा घाईत लाटणं घ्यायचं राहिलं, तो कंप्लेंट करायला उरणार नव्हता. त्यानं तिथूनच शहेबाजला फोन लावला.

"कंप्लेंट न्हाई म्हणलास ना," तो म्हणाला. "माझ्या आईनंच केली न्हाई, शहेबाज. लाटण्यानं दाबतीय ती, पयल्या वर्षापासून."

पलीकडे गोदामात कुठंतरी पत्रा आपटत होता. मग शहेबाज म्हणाला, की कळवतो, मिस्त्र्यांना नाही, सगळ्यांनाच, आजच. वायसर घालेपर्यंत डब्याला हात लावू नका असंच लिहितो. खाली कुणाचं नाव टाकू, असं त्यानं विचारलं. माझं टाक, संगमेश म्हणाला. शहेबाज म्हणाला, दोघांचं टाकतो. 

मग त्यानं मेन स्विच पाडला, झाकण उघडलं. त्याच स्क्रूखाली तसाच रंग झिजला होता, इथं इमारतीतल्यापेक्षा जास्त. त्यानं तिथं चिकटपट्टी लावली, चारही स्क्रूंखाली युसूफभाईंचे वायसर घातले, अर्थिंगची वायर ओढून बोअरच्या लोखंडी पाइपाला आवळली, स्विच चालू केला आणि डब्याला चहूबाजूंनी टेस्टर लावून बघितला. पेटला नाही. हाताची मागची बाजू लावली, मग तळहात लावला. काही नव्हतं, नुसता उन्हानं तापलेला पत्रा. आई पायरीवर बसून हे सगळं बघत होती, लहानपणी तो अभ्यासाला बसला की बघायची तशी.

"आता दाब," तो म्हणाला. "नुसत्या हातानं."

ती उठली. सवयीनं तिचा हात खिळ्याकडे गेला आणि मधेच थांबला. हातानं, असं तिनं पुन्हा विचारलं, आणि त्यानं मान हलवली. तिनं पदराला बोटं पुसली, पुन्हा पुसली, बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या केल्या. चपला पायात आहेत का ते खाली बघून घेतलं. मग तिनं त्याच्याकडे बघितलं. त्याचा विश्वास तिला पुरेसा वाटला असावा, किंवा पुरेसा वाटला नाही तरी त्याला वाईट वाटू नये असं तिला वाटलं असावं. तिनं डोळे गच्च मिटले आणि बोट पुढं केलं. संगमेशनं सगळं तपासलं होतं, स्वतःचा तळहात लावून बघितला होता, तरी त्या क्षणी त्याचा स्वतःच्या हातावर, टेस्टरवर, त्या पुठ्ठ्याच्या चकत्यांवर, कशावरच विश्वास उरला नाही. तो तिचा हात मागं ओढणार तेवढ्यात बटण दाबलं गेलं. मोटार चालू झाली, पाइप थरथरला, हौदात पाणी पडायला लागलं. तिचं बोट बटणावर तसंच होतं आणि डोळे मिटलेलेच होते.

"झालं का?" तिनं विचारलं.